पन्नास पावलांवरून

वसमत
७ फेब्रुवारी २००७

रवी,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. फोन तू उचलत न्हाईस. मी सतरा वेळा लावला, सतरा वेळा तू कापलास. पत्र कापता येत न्हाई म्हणून पत्र. पत्ता तुझ्या आईनं, कमलकाकूनं दिला. दारातूनच दिला, आत ये म्हणाली न्हाई, पण दिला.

माफीबिफी मागायला लिहीत न्हाई, आधीच सांगतो. कामाचं लिहितो. काल मोंढ्यातून तिसरी गाडी गेली. साखऱ्याचा मोहनसिंग तूर घालायला आला होता, गाडी फाटकाजवळ लावली आणि चहा प्यायला गेला. परत येतो तर जागा रिकामी. भर दुपारी! काच फुटली न्हाई, वायर तुटली न्हाई. आणि ऐक, दोन्ही रिमोट मोहनसिंगच्याच खिशात. त्यानं दोन्ही काढून माझ्या टेबलावर आपटले आणि म्हणाला, "गोपीचंद, तुझ्या दुकानातून बटण बसवून घेतलं, आता गाडी बी तूच दे."

जूनमधी उकंडरावांची जीप गेली तेव्हा दुसरं रिमोट दुरुस्तीला म्हणून आपल्या दुकानात तुझ्या खणात होतं. तेवढ्यावरून सगळा तमाशा झाला. ज्याच्याकडं रिमोट तोच चोर, असा हिशोब लोकांनी लावला. तुला दोन दिवस चौकशीला बसवलं, काही निघालं न्हाई, सोडून दिलं. लोकांनी मात्र सोडलं न्हाई, आणि तू आठ दिवसांत पुण्याची गाडी धरलीस. आता सांग, रिमोट मालकाच्या खिशात, तू तिकडं भोसरीत, मग मोहनसिंगची गाडी काय पंख लावून उडाली? मोंढ्यात सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी झाली आहेत. आपण त्या पोराचं वाटोळं केलं, असं एक जण बी म्हणत न्हाई. असे लोक असतात बघ.

तू पुण्यात रिमोटच्याच लाईनीत आहेस असं कळलं. एकच सवाल आहे. रिमोट हातात नसताना कोणाला गाडी उघडता येते का, आणि चालू करता येते का? नुसतं हो की न्हाई एवढं लिही. शिव्या लिहायच्या असल्या तर त्या बी लिही, पण उत्तर लिही.

तुझे बाबा, जळबाकाका, बरे आहेत. अठ्ठावीस वर्षं मोंढ्यात मापाडी, काट्यावर त्यांचा हात पडला की कोणी मान वर करून बघत नव्हतं. आता लोक त्यांनी मापलेलं पोतं दुसऱ्या काट्यावर नेऊन परत मापतात. काका पुढचं पोतं काट्यावर घेतात. तुला कोणी कळवलं नसेल म्हणून लिहिलं.

गोपी


वसमत
२८ मार्च २००७

रवी,

तुझं पाकीट आलं. काय माणूस आहेस रे तू! नाव न्हाई, गाव न्हाई, खुशाली न्हाई. रिमोटचं एक चित्र, त्याखाली तीन ओळी आणि कापसात गुंडाळलेली काळी डबी. पोस्टमनला वाटलं, मी पुण्याहून दागिना मागवला.

तुझ्या तीन ओळी मी पाठ केल्या. "हे स्वस्तातलं रिमोट दर वेळी तोच आकडा हवेत पाठवतं. जवळ बसलेल्यानं एकदा पकडला की नक्कल तयार. डबी वापरून बघ." दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आपल्या टेस्टिंगच्या गाडीचं रिमोट तुझ्या डबीजवळ धरून एकदा दाबलं. मग रिमोट पार टाकीमागं नेऊन ठेवलं आणि डबीचं बटण दाबलं. पीं-पीं! दारं उघडली. परत दाबलं, इंजिन सुरू. मी तिथंच जमिनीवर फतकल मारून बसलो. तुझ्या खणातल्या रिमोटचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता रवी. ते तिथं बिचारं सेल संपून पडलेलं होतं.

आता दुसरी गोष्ट ऐक, आणि हसू नको. चोराला हे शिकवलं कोणी? आपण! म्हणजे मी. तू तर खाली पडून वायरी जोडायचास, बोलायचं काम माझं. आठवतं ना, गिऱ्हाईक आलं की मी काय म्हणायचो? "मालक, जवळून कशाला दाबता? पन्नास पावलांवरून दाबा! चहाच्या टपरीवरून दाबा! समद्या मोंढ्याला कळू द्या गाडी कोणाची हाय ते." झालं, तीच रीत पडली. आज सौद्याच्या दिवशी शकुंतलाबाईच्या टपरीवर जाऊन बस, नुसतं पीं-पीं पीं-पीं. एक कप चहात माणूस चार वेळा दाबतो. नवी गाडी असली तर बाजूच्याला देतो, "घ्या, तुमी बी दाबून बघा." सगळे आपापल्या गाडीचा आकडा मोठ्यानं ओरडून राहिलेत, आणि ज्याला ऐकायचा तो बाकड्यावर बसून आरामात ऐकतो.

आणि बटण बसवताना चावीचा खटका काढला, त्यासोबत स्टिअरिंगचं कुलूप बी काढून फेकलं. चावीच न्हाई तर कुलूप कशाला, असं मीच म्हणालो होतो. तू तेव्हा म्हणालास, "राहू दे गोपी, असू दे एखादं." मी तुला भित्रा म्हणालो. चोरासाठी पायघड्या घातल्या आपण, दुसरं काय.

मी शकुंतलाबाईला सहज विचारलं, टपरीवर असं कोण येतं ज्याचा मोंढ्यात ना माल ना धंदा. ती कढईवरून नजर बी न हलवता म्हणाली, "एक चष्मेवाले साहेब येतात की. विम्याचे एजंट म्हणतात. सौद्याच्या दिवशीच येतात. तीन तीन चहा घेतात, मांडीवरची बॅग काही खाली ठेवत न्हाईत." मी म्हटलं, विमा कोणाचा काढला त्यांनी? ती म्हणाली, "कोणाचाच न्हाई. म्हणून तर ध्यानात राहिले."

मी मागच्या सौद्याला त्याला बघून आलो. गोरागोमटा, भांग पाडलेला, मला नमस्कार केला त्यानं. हात वर उचलला होता मी रवी, माझ्या आईची, याडीची शपथ. पण पकडून काय दाखवणार? बॅगेत डबी निघेल, तो म्हणेल रेडिओ आहे. गाडीसकट सापडला पाहिजे.

डोकं चालव जरा. आणि पाकिटात निदान "गोपी" एवढं तरी लिही, मेल्या.

गोपी


वसमत
१६ एप्रिल २००७

रवी,

परवा जयंतीला तू आला न्हाईस. मिरवणूक आपल्या दुकानासमोरून गेली. दर वर्षी लाईटिंगचं काम तुझं, या वर्षी नांदेडहून माणूस आणला. काकू पांढरं लुगडं नेसून लेकरांसोबत चालत होती. मी पुढं होऊन पाण्याचा ग्लास दिला. तिनं घेतला, प्याली, आणि म्हणाली, "गोपी, तू त्या दिशी नेमकं काय बोललास रे साहेबापुढं? आमाला कोणी सांगत न्हाई."

मी रिकामा ग्लास घेऊन दुकानात शिरलो. आधी तुला सांगतो, मग तिला सांगीन. पहिल्या पत्रात मी 'लोक, लोक' केलं ना, त्या लोकांत पहिला मी होतो.

चौकशीत साहेबानं विचारलं, दुसरं रिमोट कोणाकडं होतं? मी म्हटलं, रविंद्रकडं. ते खरं होतं. मग त्यानं विचारलं, "तुझा पार्टनर माणूस कसा आहे?" आयटीआयला हिंगोलीत दोन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, तुझा शर्ट घालून मी मुलाखतीला गेलो. आणि मी म्हणालो, "साहेब, माणसाच्या मनातलं कोण सांगावं?"

एवढंच. उकंडराव बाजूच्या बाकावर होते, त्यांनी ऐकलं. बाहेर येऊन त्यांनीच चार जणांत सांगितलं, 'पार्टनर बी खात्री देत न्हाई.' पुढचं तुला ठाऊक आहे.

काहून बोललो असं? भ्यालो रे. मला वाटलं, रविंद्रवरून नजर हटली की ती माझ्यावर येईल, मग आमच्या बंजारा तांड्यावर जाईल. ही गोष्ट मी याडीला मागच्या महिन्यात सांगितली, तुझी डबी आली त्या दिवशी. तिला वाटलं मी काही मोठा शोध लावला, कौतुकानं ऐकत बसली होती. मग तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "गावात कोणाचं बकरं हरवलं की लोक आधी आपल्या तांड्यात यायचे, चुलीवरची हांडी उघडायला लावायचे. तुझा बाप घरी नसायचा. मी उघडून दाखवायची. हांडीत अंबाडीची भाजी असायची. आन तू दुसऱ्याच्या लेकराची हांडी उघडायला लावलीस व्हय रे गोप्या?" तीन दिवस माझ्या हातचा चहा घेतला न्हाई तिनं.

आता तू माफ कर असं मी म्हणत न्हाई. ते तुझं तू बघ. मी माझं काम करून राहिलो, ते ऐक.

उकंडरावांनी नवी गाडी घेतली. मागच्या आठवड्यात डोंगरकडा गावाहून घेऊन आले आणि ऐटीत म्हणाले, "गोपीचंद, बटणाचा सेट बसव, पण या बारीला पक्का." मी म्हटलं, बसवतो. बसवला. मग त्यांना म्हटलं, आता लांब जाऊन दाबा मालक. त्यांनी झोकात दाबलं. पीं-पीं. "आता रिमोट खिशात घाला आन बटन लावा खिशाचं." त्यांनी लावलं. मी तुझी डबी काढून दाबली. त्यांच्या डोळ्यांदेखत दारं उघडली, इंजिन सुरू झालं, आणि त्यांच्या हातात काहीच न्हाई.

उकंडरावांनी खिसा चाचपला, रिमोट तिथंच. मग म्हणाले, "मग ते पोरगं...?"

मी म्हटलं, "व्हय मालक. ते पोरगं."

ते खुर्चीत बसले. पाणी मागितलं. मी संधी सोडली न्हाई. म्हटलं, पाप फेडायचं असेल तर ही गाडी मला चारा म्हणून द्या. पुढच्या एखाद्या सौद्याला मी सांगतो तिथं लावायची, आणि टपरीवरून पोटभर पीं-पीं करायची. ते म्हणाले, "आन ही बी गेली तर?" मी म्हटलं, तर मला दोरीनं बांधून न्या, मी स्वतः सांगीन की दोन्ही गाड्या मीच पळवल्या. नुसतं बोलायला बोललो न्हाई रवी. गाडी गेली तर या गावात मला दुसरं काही सांगताच येणार न्हाई, आणि तुझं नाव बी कायमचं तसंच राहील.

डाव असा आहे. डॅशबोर्डखाली, पायाला लागेल असा एक चोरस्विच. तो दाबला तर गाडी नेहमीसारखी चालेल. न दाबता कोणी निघाला तर साठ सेकंदांनी डिझेल बंद, इंजिन ठप्प, दारं लॉक आणि हॉर्न चालू. आतल्या दारांचे खटके मी आदल्या दिवशी काढून ठेवणार, म्हणजे आतून उघडायचं नाव न्हाई. आकृती काढून पाठवली आहे. चूक असेल तर सांग. तुझ्याशिवाय तपासून देणारं कोणी न्हाई मला.

गोपी


वसमत
११ मे २००७

रव्या! अरे रव्या!

गावला! गावला, गावला, गावला! चारदा लिहिलं तरी समाधान होत न्हाई.

बैजवार सांगतो. तुझं कार्ड सौद्याच्या दोन दिवस आधी आलं. "साठ न्हाई, नव्वद. साठमध्ये मोंढ्याच्या फाटकातच बंद पडेल, काच फोडून गल्लीत पळेल. नव्वदमध्ये स्टँडसमोर पोचेल." आधी मला राग आला, माझ्या कामात खोट काढतोस म्हणून. मग मी घड्याळ घेऊन ती वाट दोन वेळा गाडीनं फिरलो. फाटक, वळण, पेट्रोल पंप, स्टँड. अठ्ठ्याऐंशी सेकंद! पुण्यात बसून तू वसमतच्या रस्त्याचे सेकंद मोजलेस, याचा अर्थ तू गाव सोडलं असशील, विसरला न्हाईस. मी चूप बसून नव्वदचा टायमर लावला. ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं, तुझं चित्र दाखवलं. नवे साहेब समजदार निघाले. साध्या कपड्यात दोन शिपाई स्टँडवर उभे केले.

सोमवारी सौदा होता. हळदीनं मोंढा पिवळा झालेला, माणसाला माणूस लागून. उकंडरावांनी गाडी लावली आणि टपरीवर येऊन असा काही कारभार केला की विचारू नको. पीं-पीं. "शकुंतलाबाई, ऐकलं का?" पीं-पीं. "नवी हाय!" पीं-पीं. मी खांबामागून इशारे करून राहिलो की पुरे आता, पण गडी ऐकेना. चष्मेवाले साहेब बाकड्यावर बसून फुंकून फुंकून चहा पीत होते, बॅग मांडीवर.

उकंडराव सौद्याकडं गेले. साहेब उठले. शकुंतलाबाईला पैसे दिले, वर म्हणाले, "चहा एक नंबर." चालत गाडीपाशी गेले, जसा काही स्वतःच्या अंगणात. दार उघडलं, बसले, निघाले. मी सायकल घेऊन मागं सुटलो, तोंडानं आकडे मोजत. चाळीस, पन्नास. पेट्रोल पंपापाशी त्यानं जोर धरला. मला वाटलं गेली, टायमर चुकला, संपलं सगळं. ऐंशी. पंच्याऐंशी.

स्टँडच्या ऐन तोंडावर गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद. खट्‌कन दारं लॉक. आणि हॉर्न! अरे काय हॉर्न बसवला होता मी, ट्रकचा! समोरून हिंगोलीची एसटी बाहेर निघत होती, ती अडकली. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागला, "ए शहाण्या, गाडी काढ!" आतला शहाणा दार ढकलतो, खटका शोधतो, खटका माझ्या खिशात! गचक्यानं बॅग सीटखाली घुसलेली, यंत्र हाताला लागेना. मे महिन्याचं ऊन, काचा बंद, घामानं चष्मा घसरून राहिला. दीडशे माणूस गोळा झालं. शिपायांनी येऊन मलाच विचारलं, आता उघडायची कशी? मी तुझी डबी काढली, दाबली. पीं-पीं.

बॅगेत यंत्र निघालं, आपल्या डबीचा आजोबा. त्यात अकरा गाड्यांचे आकडे साठवलेले. ठाण्यात त्यानं सगळं कबूल केलं. मोहनसिंगची, दुसरी ती, आणि पहिली उकंडरावांची, जूनमधली. ठाण्याच्या साहेबानं कागदावर लिहून सही केली की रविंद्र खिल्लारे यांचा काहीही संबंध न्हाई. त्याची झेरॉक्स जोडली आहे.

पण कागद कोण वाचतो रे? नाव गेलं होतं ते मोंढ्यात, तोंडानं. म्हणून ते तिथंच, तोंडानंच परत आणायचं ठरवलं. आधी काकूच्या घरी जाऊन चौकशीत काय बोललो ते तिच्यापुढं शब्दन्‌शब्द सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "आता हेच भाईर सांग."

काल सौदा ऐन रंगात होता. तुला ठाऊक आहे, तिथं बोली सुरू झाली की कोणी मेलं तरी थांबत न्हाई. मी हळदीच्या थप्पीवर चढलो. अडत्ये ओरडले, "ए उतर, माल हाय!" खालून उकंडराव त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "बोलू द्या त्याला! कोणी मधी पडलं तर माझ्याशी गाठ हाय!" बोली थांबली. समोर काट्यापाशी जळबाकाका उभे होते, हातात कागदाची चवड.

तुझा तो भोंगा पार्टनर, गिऱ्हाईकाला शंभर गप्पा सांगणारा, त्या दिवशी नुसता पुटपुटला. कसंबसं म्हणालो, "रविंद्र जळबाजी खिल्लारे चोर न्हाई."

काका मान वर करून म्हणाले, "ऐकू आलं न्हाई."

मी परत म्हणालो, जोरात. "रविंद्र जळबाजी खिल्लारे चोर न्हाई. चोर गावला. रविंद्रनंच चित्र काढून दिलं म्हणून गावला."

काकांनी मागच्या हमालांकडं हात केला. "तिकडं पोचलं न्हाई. मोठ्यानं बोल गोपी. आन कोण बोलला व्हता ते बी सांग."

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो. "मी गोपीचंद आडे! दोस्ताची खात्री द्यायची वेळ आली तेव्हा मी भ्यालो, शेपूट घातली! रविंद्र जळबाजी खिल्लारे सोन्यासारखा माणूस हाय, आन मी तेव्हा खोटं वागलो!" पार रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायला लागले. उकंडराव गर्दीतून पुढं आले, काकांपुढं हात जोडले. दुसरा काटा होता ना, ज्यावर परत मापायचे? हमालांनी तो उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

रवी, काका माझ्याकडं बघत होते. मला वाटलं आता जवळ घेतील, न्हाईतर कानाखाली देतील, दोन्हीची तयारी होती. त्यांनी चवडीतला वरचा कागद काढला, घाम पुसला, आणि सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आता बराबर ऐकू आलं. माझ्या पोराचं नाव हाय ते. चला, काटा सुरू करा."

गोपी